बदलापूरचा उत्सव आणि महाडचे तळे



शांततेचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह येतात. दोन राजे लढले, दमले, एका तंबूत बसले आणि कागदावर शिक्के उमटले. शाळेच्या पुस्तकात ते वर्ष मुलांकडून पाठ करून घ्यायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, अशी आपली रीत. पण गावात तंटा होतो तो बहुधा पाण्यावरून, वाटेवरून, बांधावरून, पंगतीत कोण कुठे बसणार यावरून. असा तंटा मिटवणाऱ्या माणसांची नावे शांततेच्या धड्यात फारशी येत नाहीत. आज मी अशाच एका पाण्याच्या तंट्याविषयी बोलणार आहे. तंटा महाडचा, पण आरंभ करतो आमच्या बाजूच्या एका गावापासून.

कल्याणहून कर्जतच्या बाजूला गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर अशी स्टेशने लागतात. आज हा सगळा पट्टा इमारतींनी भरून गेला आहे. १९२७ साली उल्हासनगर हे नावही नव्हते आणि बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव होते. त्या वर्षी ३ मे रोजी बदलापूरला शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाची सभा भरली. (आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते आणि जन्मवर्ष १६३० धरतात. त्या काळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथी चालत असे. म्हणून १९२७ हे तीनशेवे वर्ष.) सभेचे अध्यक्ष होते डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर, आणि त्यांचा मुक्काम होता गावातल्या एका ब्राह्मण शास्त्र्यांच्या घरी.

आज हे ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. पण १९२७ च्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नव्हती. बदलापूरच्या या सभेपूर्वी अवघे सहा आठवडे महाडला काय झाले होते ते ठाऊक असले, म्हणजे बदलापूरकरांनी अध्यक्ष म्हणून कुणाला बोलावले याचा अर्थ उमगतो.

महाड म्हणजे सावित्री नदीकाठची जुनी बाजारपेठ. रायगड किल्ला याच तालुक्यात. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. गावात एक मोठे तळे आहे, त्याचे नाव चवदार तळे. पावसाचे पाणी आणि झरे यांवर ते भरते. भोवताली सवर्णांची घरे. या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरेढोरे पाणी पीत. बंदी होती ती फक्त त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या माणसांना. बाजाराला आलेला महार किंवा चांभार तहानेने व्याकूळ झाला तरी त्याने तळ्याची पायरी उतरायची नाही.

कायद्याने मात्र ही बंदी तेव्हाच उठली होती. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. बोले हे भंडारी समाजातले, जुन्या पठडीतले समाजसेवक. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण पाण्याला कुणी हात लावू शकले नाही. ठराव होणे आणि घागर भरणे यांत किती अंतर असते, हे गावाकडच्या माणसाला मी सांगायला नको.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. ती भरवण्यात रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याचा मोठा वाटा होता. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे अनंतराव चित्रे हे सवर्ण मंडळीतले दोघे पाठीशी उभे होते. अध्यक्ष अर्थातच डॉक्टर आंबेडकर. कोकणातल्या गावागावांतून माणसे भाकरी बांधून चालत आली. या परिषदेच्या हिशेबातली एक रक्कम मला फार बोलकी वाटते. जमलेल्या लोकांना प्यायला म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पाण्याने भरलेले तळे हाकेच्या अंतरावर, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि परिषदेच्या खर्चात पाण्यापोटी चाळीस रुपये! १९२७ चे चाळीस रुपये, हे लक्षात घ्या. तेवढ्यात गरिबाच्या घरचा कितीतरी दिवसांचा दाणागोटा आला असता.

दुसऱ्या दिवशी चित्रे यांनी सुचवले की आपण सारे तळ्यावर जाऊन पाणी पिऊ. चारचारांच्या रांगा करून, शिस्तीने, गडबडगोंधळ न करता मंडळी तळ्यावर गेली. आंबेडकर पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेऊन प्याले. मागोमाग इतरांनीही घेतले. परिषद तिथेच संपली असती. पण थोड्या वेळाने गावात अफवा उठली की ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. अफवेला पाय नसतात, तरी ती सगळ्यांआधी गावभर फिरून येते. मांडवात जेवायला बसलेल्या, सामान आवरणाऱ्या, घरच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव चालून गेला. अन्न मातीत कालवले गेले. कित्येक जण जखमी झाले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला म्हणून ते वाचले.

आता शिक्षक मंडळींनी इथे थोडे थांबावे. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर बरेच होते. रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांतले महार पिढ्यान्पिढ्या पलटणीत जात. पहिले महायुद्ध संपून आठच वर्षे झाली होती. म्हणजे मार खाणारे हात दुबळे नव्हते, त्यांना लढण्याची तालीम होती. आपल्या माणसांची डोकी फुटलेली पाहून त्यांचे रक्त उसळले होते आणि ते आंबेडकरांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द आंबेडकरांनी दिला नाही. आपण कायदा हातात घ्यायचा नाही, असे त्यांनी बजावले. लोकांना शांत राखले, पोलिसांकडे दाद मागितली, जखमींची व्यवस्था पाहिली. पुढे हल्लेखोरांवर खटला चालला आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्या दिवशी आंबेडकरांनी नुसती मान हलवली असती, तर महाडमध्ये रक्ताचा पाट वाहिला असता यात शंका नाही. आणि मग पाण्याची गोष्ट बाजूला राहून दंग्याचीच गोष्ट उरली असती. शांततेसाठी झटणाऱ्यांच्या यादीत आपण आंबेडकरांचे नाव सहसा घेत नाही. घटनाकार म्हणतो, दलितांचे कैवारी म्हणतो. माझ्या मते २० मार्चच्या त्या संध्याकाळसाठी त्यांचे नाव त्या यादीत वरच्या बाजूला असायला हवे. चिडलेल्या शत्रूला शांत करणे अवघड खरेच, पण ज्यांची बाजू खरी आहे अशा आपल्याच चिडलेल्या माणसांना आवरणे त्याहून अवघड.

महाडच्या सनातनी मंडळींनी मग तळे ‘शुद्ध’ करून घेतले. एकशे आठ घागरी पाणी काढून, पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणून ते परत तळ्यात ओतले. अशा दिवसांत बदलापूरचा तो उत्सव झाला. गावोगावी आंबेडकरांविरुद्ध बोलले जात असताना एका गावाने शिवरायांच्या उत्सवाला त्यांनाच अध्यक्ष केले आणि एका शास्त्र्याने त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. मिटवामिटवीची भाषणे तेव्हाही पुष्कळ होत होती. या शास्त्रीबुवांनी आपल्या घराचे दार उघडले, हे मला त्या भाषणांहून मोलाचे वाटते.

महाडची नगरपालिका मात्र माघारी फिरली. ऑगस्ट १९२७ मध्ये तिने आपला खुलेपणाचा ठराव रद्द केला. तेव्हा डिसेंबरमध्ये पुन्हा जमून सत्याग्रह करायचे ठरले. या तयारीत एक प्रसंग घडला तो मुद्दाम सांगतो. ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट अशी घातली की सत्याग्रहात एकही ब्राह्मण घ्यायचा नाही. आंबेडकरांनी ती अट नाकारली. आमचे भांडण ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मदतीची निकड असताना आलेली मदत अटीपायी परत करणे सोपे नसते. बदलापूरच्या शास्त्र्यांच्या घरचा पाहुणचार आणि हे उत्तर, दोन्ही मला एकाच स्वभावाची वाटतात.

डिसेंबरच्या परिषदेला महाडमध्ये जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मुंबईहून आंबेडकर आणि त्यांचे सोबती ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी गेले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. दहनाविषयी तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. मला आज सांगायचे आहे ते पुढच्या दोन दिवसांविषयी.

सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव हा अनादी काळापासूनचा रिवाज आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जमलेली माणसे तर सत्याग्रहाला नावे नोंदवून, तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. जिल्हाधिकारी स्वतः मांडवात येऊन बोलले आणि न्यायालयाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. लोकांचा कल हुकूम मोडण्याकडे होता, तसा ठरावही झाला. रात्रभर विचारविनिमय चालला. २७ तारखेला आंबेडकरांनीच सत्याग्रह तहकूब करण्याची बाजू मांडली. दावा काही सवर्णांनी लावला आहे, न्यायालयाने अजून निकाल दिलेला नाही, तेव्हा सरकारशी भांडण ओढवून न घेता निकाल लागेपर्यंत आपण थांबू, असे ते म्हणाले. लोकांनी ते मानले. मग मोठी मिरवणूक निघाली, ती तळ्याच्या काठावरून गेली, आणि पाण्याला हात न लावता परतली.

दुरून घरची भाकरी बांधून आलेल्या माणसाला पाण्याच्या कडेने चालत जाऊन तसेच परतायला सांगायचे, हे कसे पटले असेल? पुष्कळांना ते कडू लागले असणार. मार्चमध्ये हात आवरला तो मारामारीपासून, डिसेंबरमध्ये आवरला तो हक्क बजावण्यापासून. माझ्या मते दुसरी वेळ अधिक कठीण होती. शिवाय थांबायचे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

किती थांबावे लागले? जवळजवळ दहा वर्षे. खालच्या न्यायालयांत वादी हरले, मग अपिलात गेले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचेच ठरले, आणि मज्जावाचा अनादी रिवाज वाद्यांना सिद्ध करता आला नाही. हे ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ च्या मार्चमध्येच अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. त्या खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला होता, न्यायाधीशाने आदराने बोलून शिक्षा दिली होती. पंधरा वर्षांनी त्याच माणसाच्या निकालपत्राने महाडच्या पाण्यावरची मनाई गेली. इतिहासात असे योगायोग भेटतात, त्यांतून फार अर्थ काढू नये. पण वर्गात सांगितले तर मुलांच्या ध्यानात राहतात, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेतही असा एक लढा झाला. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूला द्यायचे नाकारले. त्यांना अटक झाली. मग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पुढारपणाखाली काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला, ते पायी कामाला गेले. किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला तेव्हा अंगणात जमलेल्या संतप्त लोकांना त्यांनी शस्त्रे घेऊन परत पाठवले. तिथेही शेवटचा निकाल न्यायालयातच लागला. १९५९ साली किंग भारतात आले ते गांधीजींचा देश पाहायला. महाडची गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातली असती तर त्यांना ती आपल्याच अंगणातली वाटली असती, असे मला राहून राहून वाटते.

आता परत कल्याणकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उठल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवण्यात आले. जवळजवळ एक लाख माणसे. पंजाब आणि बंगाल यांचा निदान एकेक तुकडा भारतात राहिला, सिंधी माणसाचा सबंध प्रांतच गेला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजून तिथे पत्ता विचारला तर लोक ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ असाच सांगतात. बराकीत पथारी पसरलेल्या त्या लोकांनी दुकाने थाटली आणि आजूबाजूच्या गावांतली आगरी, कुणबी, आदिवासी, बौद्ध माणसे तिथे बाजाराला येऊ लागली.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना समितीने भारताची राज्यघटना स्वीकारली. तिच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग शिक्षकांनी एकदा वर्गात वाचून दाखवावा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जायला अडवता येणार नाही, असे तिथे पहिल्याने म्हटले आहे. त्यानंतर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा येतात. त्यातही जे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखले जाते, असा शब्दप्रयोग आहे. तो वाचताना बोल्यांचा १९२३ चा ठराव आठवल्याशिवाय राहत नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात विहीर आणि तळे हे शब्द आले आहेत. पायरी उतरून पाणी प्यालेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, ही गोष्ट मुलांना सांगितली म्हणजे ते कलम त्यांना कोरडे वाटत नाही.

सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. ते घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत झाले. ते मोडणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९५५ साली आला, आणि १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. गावच्या पाणवठ्यावर कुणाला अडवले तर या कायद्याखाली पोलिसांत तक्रार देता येते. तक्रार करायची म्हणजे गावाशी वैर धरायचे, अशी भीती पुष्कळांना वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याच्या बाजूला उभे राहणारे चार शेजारी लागतात. महाडला टिपणीस होते, चित्रे होते, सहस्रबुद्धे होते, जमीन देणारे फत्तेखान होते.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना आपल्या गावातल्या पाण्याच्या जागांची यादी करायला सांगावी: विहीर, आड, हातपंप, नळकोंडाळे, तळे, नदीवरचा घाट. प्रत्येकासमोर लिहावे की ते कुणाच्या पैशाने झाले, पंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या की खाजगी. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे की पूर्वी तिथे कोण पाणी भरी आणि कोण भरू शकत नसे. म्हाताऱ्या बायकांना जरूर विचारावे, कारण घागर डोक्यावरून त्यांनीच वाहिली आहे आणि त्यांना सगळे आठवते. उत्तरे जशी मिळतील तशी वहीत उतरवून घ्यावीत. त्या वहीशेजारी पंधरावे कलम ठेवून एक तास वाचन करावे. आणि तो तास २० मार्चच्या आसपास ठेवता आला तर फार चांगले. दरवर्षी त्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसे येतात, पायऱ्या उतरतात आणि ओंजळभर पाणी पिऊन परततात.